दहा रुपयांचे गांधी: फोटोवरून तिकीट पारखताना

प्रश्न असा आहे: 15 ऑगस्ट 1948 ला निघालेलं महात्मा गांधींचं दहा रुपयांचं तिकीट एका ऑनलाइन विक्रेत्याकडे आहे. ‘मिंट, दुर्मीळ, आजोबांच्या संग्रहातलं’ असं वर्णन, किंमत कॅटलॉगच्या निम्म्याहून कमी आणि फोटो एकच, तोही पुढच्या बाजूचा. घ्यावं का? आणि एकूण ऑनलाइन तिकिटं घेताना काय बघायचं?

आज तरी घेऊ नका. दुकानात तिकीट चिमट्यात धरून उजेडासमोर उलटसुलट करता येतं. ऑनलाइन तुमच्या हातात फक्त फोटो असतो आणि न पटल्यास परत करण्याची सोय. या दोन गोष्टी भक्कम असतील तर अनोळखी माणसाकडूनही निर्धास्त घ्या. यातली एक जरी नसली, तर ओळखीच्या माणसाकडूनही घेऊ नका.

विक्रेत्याकडे हे मागा: पुढची बाजू स्कॅनरवर, काळ्या कागदावर ठेवून, किमान 1200 डीपीआयला. मागची बाजू तशीच. परफोरेशन गेजवर, म्हणजे कडेची भोकं मोजायच्या पट्टीवर, ठेवलेलं तिकीट. आणि मोबाइलच्या टॉर्चचा उजेड अगदी आडवा, कागदाला घासून जाईल असा सोडून काढलेला मागच्या बाजूचा एक फोटो. काळी पार्श्वभूमी यासाठी की पांढऱ्यावर तुटका दात आणि कापलेली कड दिसत नाही. आडव्या उजेडात घडी, पातळ झालेला कागद आणि हिंजची, म्हणजे तिकीट अल्बममध्ये लावायच्या कागदी चिकटपट्टीची, खूण उठून दिसते. खरा विक्रेता हे फोटो अर्ध्या तासात पाठवतो. ‘विश्वास नसेल तर घेऊ नका’ असं उत्तर आलं तर तो सल्ला मनापासून पाळावा.

आता या तिकिटाकडे जवळून बघू. भारताची तिकिटं 1926 पासून नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जात होती. गांधींचा हा चार तिकिटांचा संच (दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये) मात्र स्वित्झर्लंडच्या कुर्वोआझिए छापखान्यात फोटोग्रॅव्ह्यूरने छापला गेला. परफोरेशन 11½, म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये साडेअकरा भोकं. वॉटरमार्क नाही. नाशिकच्या त्या काळच्या कागदावर अनेक ताऱ्यांचा वॉटरमार्क असे. म्हणून कोणी ‘यावर तारे दिसतात, अस्सल आहे’ म्हणालं तर ते उलटं प्रमाण समजा. तिकिटावर ‘बापू’ हा शब्द हिंदी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांत आहे. नकलेत उर्दू अक्षरांचे बारीक ठिपके एकमेकांत मिसळलेले किंवा गायब असतात, कारण नक्कल करणाऱ्याचं लक्ष चेहऱ्यावर असतं.

तिकीट हातात आलं की 30 पटीचं भिंग लावा. फोटोग्रॅव्ह्यूरमध्ये रंग फार बारीक, एकसारख्या जाळीतून येतो. चेहऱ्यावरच्या छटा मऊ दिसतात आणि अक्षरांच्या कडा किंचित करवती. दहा रुपयांचं तिकीट दोनच शाईंचं आहे. भिंगाखाली निळे, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके फुलासारखे गोळा झालेले दिसले, तर तो आजच्या रंगीत छपाईचा माल आहे. पुढची चौकशी करायची गरजच नाही. दुसरी चाचणी अल्ट्राव्हायलेट टॉर्चची, 365 नॅनोमीटरची घ्या. कागद शुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चमकद्रव्यं साधारण 1950 नंतर वापरात आली. त्यामुळे 1948 चा कागद अंधारात निळसर पांढरा झगमगला, तर काहीतरी बिनसलं आहे. मात्र झगमग नाही म्हणून तिकीट खरंच, असं होत नाही. जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर छापलेली नक्कलही झगमगणार नाही.

या संचाची एक आवृत्ती आहे जिच्या नावाने सगळ्यात जास्त फसवणूक होते. गव्हर्नर जनरलच्या वापरासाठी प्रत्येक किमतीची अवघी 100 तिकिटं ‘SERVICE’ हा शब्द वर छापून काढली गेली. दहा रुपयांच्या अशा चार तिकिटांची पट्टी 2017 मध्ये पाच लाख पौंडांना विकली गेली. ती बातमी सगळीकडे फिरली आणि साध्या गांधींवर घरच्या घरी हा शब्द छापणारे कामाला लागले. नामांकित संस्थेचं प्रमाणपत्र नसलेलं ‘सर्व्हिस’ तिकीट कुठल्याही किमतीला घेऊ नये, पाचशे रुपयांनासुद्धा.

वापरलेलं तिकीट घेत असाल तर शिक्का वाचा. वाचाच, नुसता बघू नका. तारीख 15 ऑगस्ट 1948 च्या आधीची असेल तर खेळ तिथेच संपला, आणि असे शिक्के खरोखर विकायला येतात. तारकचेरीचा शिक्का असेल तर किंमत टपाली शिक्क्यापेक्षा कमी धरतात, कारण मोठ्या किमतीची तिकिटं तारेच्या फॉर्मवर भरपूर लागत. जुन्या मोठ्या किमतीच्या तिकिटांत आणखी एक जागा बघायची: पेनाच्या शाईची किंवा करवसुलीच्या रबरी शिक्क्याची खूण रसायनाने धुऊन वर नवा टपाली शिक्का मारलेला असतो किंवा मागे नवा गोंद लावून ‘मिंट’ म्हणून विकतात. धुतलेल्या जागेचा रंग आजूबाजूपेक्षा फिका असतो आणि अल्ट्राव्हायलेटखाली जुन्या रेघेचं भूत दिसतं.

आता गोंद. इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त पैसे याच पातळ थरात बुडतात. ‘मिंट’ हा एकच शब्द तीन वेगळ्या मालाला वापरला जातो. ‘मिंट नेव्हर हिंज्ड’ म्हणजे मूळ गोंद शाबूत, त्यावर कधीच हिंज चिकटलेली नाही. ‘हिंज्ड’ म्हणजे गोंद आहे पण हिंजची खूण आहे. आणि गोंद नसलेलं कोरं तिकीट, ज्याला प्रामाणिक विक्रेता ‘अनयूज्ड, नो गम’ म्हणतो. पहिल्या आणि तिसऱ्याच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असू शकतो. म्हणून तिसऱ्याचं पहिलं करण्याचा धंदा चालतो: मागे नवा गोंद लावायचा. हे ओळखायला गोंदाकडे नाही, परफोरेशनच्या दातांच्या टोकांकडे बघायचं. छापखान्यात आधी गोंद लागतो आणि मग भोकं पडतात, त्यामुळे तिकीट फाडल्यावर दातांच्या टोकाला कागदाचे मऊ, सुटे तंतू दिसतात. नंतर गोंद लावला तर तो टोकांवर चढतो, तंतू एकमेकांना चिकटतात आणि दात कडक, टोचरे लागतात. 1200 डीपीआयच्या स्कॅनमध्येही हे बऱ्याचदा कळतं. एवढ्याचसाठी मागच्या बाजूचा फोटो हवा.

तपकिरी डाग, ज्याला सगळे ‘टोनिंग’ किंवा सरळ ‘गंज लागलाय’ म्हणतात, तो आपल्याकडच्या मालाचा कायमचा आजार. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत चाळीस पावसाळे काढलेलं तिकीट मागून दुधासारखं पांढरं असेल तर आनंद करण्याआधी शंका घ्यावी: एकतर फार काळजीने ठेवलंय, किंवा गोंद नवा आहे. डाग पुढच्या बाजूला, दातांच्या टोकांवर आला असेल तर घेऊ नका. तो पसरतो आणि शेजारच्या तिकिटांनाही धरतो. मागे हलकी पिवळसर झाक असेल तर चालतं, फक्त किंमत त्याप्रमाणे हवी. विक्रेत्याने फोटोचा ब्राइटनेस वाढवून डाग उडवला आहे का, हे तिकिटामागच्या काळ्या कागदावरून ओळखा. काळा करडा दिसत असेल तर फोटो उजळलेला आहे.

किमतीबद्दल. स्टॅन्ली गिबन्स या ब्रिटिश तिकीट विक्रेत्यांच्या कॅटलॉगमधला आकडा म्हणजे चांगल्या अवस्थेतलं तिकीट दुकानदार विकेल तो भाव. स्वस्त तिकिटांच्या आकड्यात तर तिकिटापेक्षा दुकानदाराची हाताळणीच जास्त असते. त्यामुळे ‘कॅटलॉगच्या निम्म्यात’ ऐकून हुरळायचं कारण नाही. सामान्य माल रोज त्याहून खाली विकला जातो. विक्रेत्याने मागितलेली किंमत हा भाव नसतो. कोणीही पाच रुपयांच्या तिकिटाला पाच लाख लिहू शकतो आणि लिहितातही. ईबेवर शोधताना ‘सोल्ड आयटम्स’ हा फिल्टर लावा, म्हणजे अलीकडे प्रत्यक्ष विकलेल्या मालाचे भाव दिसतील. तेच तिकीट, तीच अवस्था, अशा पाच-सहा विक्री बघून मधला आकडा धरा. भारतीय मालासाठी फिला इंडियाचा कॅटलॉग सोबत ठेवा, कारण स्वातंत्र्यानंतरच्या इथल्या तिकिटांची इथली मागणी परदेशी कॅटलॉगमध्ये नीट उतरत नाही.

मग वरचा खर्च. लिलावगृह असेल तर हातोडा पडलेल्या किमतीवर साधारण 15 ते 25 टक्के खरेदीदाराचं कमिशन. परदेशातून येत असेल तर टपालखर्च, कार्डाचा परकीय चलनाचा अधिभार आणि कस्टम्स. ही सगळी बेरीज करून आलेल्या आकड्याची तुलना इथल्या भावाशी करा. 12 पौंडांचं स्वस्त तिकीट घरी येईपर्यंत महाग झालेलं असतं. बोली लावताना आपला सर्वोच्च आकडा आधी कागदावर लिहा आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदाच टाका. दोन दिवस आधी टाकलेली बोली फक्त भाव चढवते. व्हॉट्सॲप आणि फेसबुकवरच्या लिलावांत विक्रेत्याचाच मित्र बोली वाढवत असू शकतो. तीच दोन नावं प्रत्येक लॉटवर शेवटपर्यंत चढतात आणि ऐनवेळी मागे हटतात का, हे आठवडाभर नुसतं बघा. तुम्ही हरलात आणि दोन दिवसांनी ‘आधीच्या गिऱ्हाईकाने घेतलं नाही, तुम्हाला देऊ का’ असा निरोप आला, तर समजून जा.

विक्रेत्याच्या प्रतिसादांत एकूण टक्केवारीपेक्षा वाईट प्रतिसाद वाचा. ‘उशिरा आलं’ हे चालेल. ‘पुन्हा गोंद लावलेलं निघालं’ असं दोनदा दिसलं तर बाहेर पडा. हजार प्रतिसाद मोबाइलच्या कव्हरांचे आणि पहिल्यांदाच जुनी तिकिटं, हेही धोक्याचंच. वर्णनातले शब्द तपासा. ‘मी तज्ज्ञ नाही, फोटो बघून ठरवा’, ‘आजोबांच्या पेटीतून’, ‘परत घेणार नाही’ ही तीन वाक्यं एकत्र आली की विक्रेत्याला नेमकं माहीत असतं तो काय विकतोय. उलट ‘वरच्या उजव्या कोपऱ्यात एक दात आखूड, मागे हिंजचा तुकडा’ असं लिहिणारा माणूस धरून ठेवावा.

पैसे पाठवण्याची पद्धत ही परत मिळण्याची पद्धत असते. ईबेवर वर्णनाप्रमाणे माल नसेल तर माल मिळाल्यापासून 30 दिवसांत तक्रार करता येते. पेपालमध्ये पैसे दिल्यापासून 180 दिवस, पण ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ म्हणून पाठवले तर संरक्षण शून्य, आणि ठग नेमकं तेच करायला सांगतो. ईबेची भारतातली साइट 2018 मध्ये बंद झाली आणि पेपालने देशांतर्गत व्यवहार 2021 मध्ये थांबवले, त्यामुळे भारतातल्या भारतात बहुतेक व्यवहार यूपीआयवर होतात. यूपीआयने गेलेला पैसा समोरच्याच्या मर्जीशिवाय सहसा परत येत नाही. म्हणून पहिला व्यवहार दोन-तीनशे रुपयांचा करा, माल कसा बांधून येतो, किती दिवसांत येतो ते बघा आणि मग मोठ्या तिकिटाकडे वळा. परत घेण्याची मुदत व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: ‘मिळाल्यापासून सात दिवस, प्रमाणपत्राला पाठवल्यास निकाल येईपर्यंत’. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. रिफंड देतो म्हणून कोणी क्यूआर कोड पाठवला तर तो स्कॅन करू नका. फसवणूक झालीच तर 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच उपयोग.

गांधींखेरीज ऑनलाइन ज्यांच्या नकला सर्रास दिसतात, त्यांच्याबद्दल थोडं. 1852 चा सिंध डाक हा आशियातला पहिला चिकटवायचा टपाली छाप. पांढरा आणि निळा उठावाचे, लाल ठिसूळ लाखेसारख्या टिकलीवर. सपाट छापलेला सिंध डाक म्हणजे चित्र. 1854 ची पहिली अखिल भारतीय तिकिटं परफोरेशनशिवाय निघाली, म्हणून चारही बाजूंना समास आहेत का ते बघतात. त्यातलं चार आण्यांचं, राणीचं डोकं उलटं छापलं गेलेलं तिकीट जगात मोजकंच आहे आणि ते तुम्हाला फेसबुकवर मिळणार नाही.

संस्थानांचे ओव्हरप्रिंट हा वेगळाच चकवा. ब्रिटिश इंडियाच्या साध्या तिकिटावर चंबा, जिंद, नाभा, पटियाला किंवा ग्वाल्हेर छापलं की किंमत वाढते. शिंद्यांच्या ग्वाल्हेरच्या तिकिटांवर नाव इंग्रजीबरोबर देवनागरीतही असल्याने आपल्याकडे ती हौसेने घेतली जातात. वापरलेल्या तिकिटावर खरा ओव्हरप्रिंट टपाली शिक्क्याच्या खाली असतो. तिकीट आधी छापलं, नंतर वापरलं, हा क्रम शाईत दिसला पाहिजे. भिंगाखाली ओव्हरप्रिंटची शाई शिक्क्यावरून गेलेली दिसली तर तो नंतर मारलेला आहे. 1947 च्या पाकिस्तान ओव्हरप्रिंटलाही हेच लागू. नाशिकच्या प्रेसने छापलेले एकसारखे असतात आणि स्वस्त मिळतात. स्थानिक पातळीवर हाताने मारलेल्या रबरी शिक्क्यांना भाव असतो, आणि रबरी शिक्का कोणीही बनवू शकतो. निजामाच्या हैदराबादच्या 1871 च्या तिकिटांवर किंमत मराठीतही आहे, म्हणून मराठवाड्यातले संग्राहक ती शोधतात. सुदैवाने त्यातली साधी तिकिटं महाग नाहीत, सुरुवात करायला चांगली. पोर्तुगीज गोव्याची 1871 पासूनची तिकिटं मात्र शिकाऊ माणसाने ऑनलाइन घेऊच नयेत. स्थानिक छपाई, कागदांचे आणि ठशांचे असंख्य प्रकार, नकला भरपूर. फोटोवरून पारखणं तज्ज्ञांनाही जड जातं.

‘एरर’, म्हणजे छपाईत चूक झालेली, म्हणून विकल्या जाणाऱ्या आधुनिक भारतीय तिकिटांवर एकच नियम पाळा: परफोरेशन नसलेलं एकटं तिकीट घेऊ नका, जोडीच घ्या, दोन तिकिटांमध्ये पुरेसा समास असलेली. एकट्या रुंद तिकिटाचे दात कात्रीने उडवायला एक मिनिट लागतं. रंग गायब असलेल्याचंही तसंच: उन्हात किंवा रसायनात ठेवून पिवळा आणि लाल उडवता येतो. खऱ्या चुकीत बाकीचे रंग ताजे असतात, उडवलेल्यात सगळंच मलूल दिसतं.

किलोवेअर, म्हणजे कागदासकट वजनावर विकलेली तिकिटं, मुलांसाठी मजेची. पण त्यातून कोणीतरी आधी चांगली काढून घेतलेलीच असतात, आणि वजनाचा मोठा भाग पाकिटाच्या कागदाचा असतो. ‘जगातली 500 वेगवेगळी’ अशा पुडक्यात शारजा, अजमान, फुजैराची साठच्या दशकातली झगझगीत तिकिटं आणि मागे गोंद असूनही पुढे शिक्का असलेली, म्हणजे टपालात न जाता छापखान्यातच शिक्का मारलेली, भरलेली असतात. चित्रं म्हणून छान, पण ती परत विकायची आशा धरू नये. भारताची नवीन तिकिटं तर टपाल खात्याच्या फिलाटेलिक ब्युरोत छापील किमतीला मिळतात. 200 रुपयांत डिपॉझिट खातं उघडलं की घरी येतात. तीच दुप्पट-तिप्पट भावाने ऑनलाइन घ्यायचं काही कारण नाही.

प्रमाणपत्र हा खर्च मोठ्या तिकिटालाच परवडतो. लंडनची रॉयल फिलाटेलिक सोसायटी किंवा न्यूयॉर्कचं फिलाटेलिक फाउंडेशन यांच्या प्रमाणपत्रावर तिकिटाचा फोटो असतो. तो फोटो आणि समोरचं तिकीट यांचे दात एकेक करून जुळवा, विशेषतः कोपऱ्यातले. खऱ्या प्रमाणपत्रासोबत दुसरंच तिकीट विकण्याची युक्ती जुनी आहे. क्रमांक संस्थेकडून पडताळून घ्या. विक्रेत्याने स्वतःच्या लेटरहेडवर दिलेली ‘गॅरंटी’ ही त्याची सही, यापलीकडे काही नाही.

पाकीट घरी आलं की फोडण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा, वजन, सील आणि पत्ता दिसू द्या आणि न थांबवता तिकीट बाहेर काढेपर्यंत चालू ठेवा. तिकीट चिमट्यानेच धरा. विक्रेत्याने सेलोटेप लावलेला असेल तर ओढू नका, कार्ड बाजूने कापा. मग त्याच दिवशी गेज, भिंग आणि अल्ट्राव्हायलेट अशा तिन्ही चाचण्या करा आणि विक्रेत्याच्या फोटोशी मागची बाजू ताडून बघा. परतीची मुदत संपेपर्यंत तिकीट पाण्यात घालू नका, जुनी हिंज काढायला जाऊ नका, आपल्या अल्बममध्ये चिकटवू नका आणि मूळ कार्ड व पाकीट टाकू नका. गोंदाला पाणी लागलं की तो खोटा होता हे सिद्ध करायला काही उरत नाही, आणि विक्रेता म्हणणार, पाठवलं तेव्हा ठीक होतं.